रात्रपाळीचे लोक दिवसपाळीपेक्षा निरोगी कसे दिसतात? कामाचा तब्येतीवरचा परिणाम वर्षानुवर्षे मोजताना

तुमचा प्रश्न मला असा समजला: कंपनीत साधारण ६०० माणसं, तीन पाळ्या, मशीनशॉप, पॅकिंग, स्टोअर्स आणि ऑफिस असे विभाग. चार वर्षं दरवर्षी सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि ताणतणावाचा एक सर्व्हे भरून घेतला जातो. दोन वर्षांपूर्वी पाळ्यांचं वेळापत्रक बदललं, पॅकिंगच्या टेबलांची उंची वाढवली. आता व्यवस्थापनाला आकडा हवा आहे: तब्येतीत काय फरक पडला? तुम्ही विभागवार सरासरी काढलीत तर ती जिथल्या तिथे, आणि रात्रपाळीवाले दिवसपाळीवाल्यांपेक्षा निरोगी दिसतात. म्हणून तुम्ही विचारताय की कोणती प्रश्नावली घेतली तर खरं चित्र दिसेल.

कामगारांच्या आरोग्याचं काम मी अनेक वर्षं करते आहे, आणि जवळजवळ प्रत्येक कंपनीत पहिला प्रश्न प्रश्नावलीचाच असतो. प्रश्नावली महत्त्वाची आहे, त्याबद्दल पुढे सांगते. पण तुमची अडचण तिथे नाही. तुम्ही दरवर्षी विभाग मोजताय आणि विभागातली माणसं मात्र बदलत जातात. शाळेत दरवर्षी सातवीच्या वर्गाची सरासरी उंची काढली तर ती तेवढीच येईल. त्यावरून मुलं वाढत नाहीत असं कोणी म्हणणार नाही. दुसरी अडचण अशी की तुम्ही शरीर मोजलंय, काम मोजलेलं नाही. फाइलमध्ये रक्तदाब आहे, साखर आहे, वजन आहे; पण त्या माणसाने गेल्या वर्षात किती रात्री काम केलं हे त्या फाइलमध्ये बहुधा कुठेच नसेल.

आधी रात्रपाळीचं कोडं घेऊ, कारण त्यातच बाकीचं बरंचसं येतं. रात्रपाळीत टिकतं कोण? ज्याला दिवसा झोप लागत नाही, ज्याचं पित्त उसळतं, ज्याची साखर वाढायला लागली, तो डॉक्टरांची चिठ्ठी आणतो आणि दिवसपाळी मागून घेतो. ज्याला दिवसपाळी मिळत नाही तो दुसरीकडे नोकरी शोधतो. मागे राहतात ते ज्यांना रात्र सोसते ते. समजण्यापुरते आकडे घ्या. रात्रपाळीत १०० जण आहेत, त्यातल्या २० जणांना झोपेचा त्रास आहे. वर्षभरात आणखी १० जणांना तो सुरू झाला, म्हणजे ३० झाले. या ३० पैकी १५ जण दिवसपाळीत गेले आणि त्यांच्या जागी १५ नवे, ठणठणीत लोक आले. वर्षअखेरीला तुम्ही मोजता तेव्हा रात्रपाळीत त्रास असलेले १०० पैकी १५. अहवालात प्रमाण २० टक्क्यांवरून १५ वर उतरलं. आणि सुरुवातीच्या त्याच १०० माणसांमध्ये ते २० वरून ३० वर गेलेलं आहे. शिवाय ते १५ जण आता दिवसपाळीच्या खात्यात मोजले जात असल्यामुळे दिवसपाळीची सरासरी बिघडली. एकाच हालचालीने दोन्ही आकडे उलट्या दिशेने सरकले.

याला साथरोगशास्त्रात निरोगी कामगार परिणाम म्हणतात. गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ऑगल यांनी १८८५ मध्ये व्यवसायांनुसार मृत्यूचे आकडे मांडले तेव्हाच लिहून ठेवलं होतं की जड कामांकडे मुळातच धडधाकट माणसं जातात आणि प्रकृती ढासळली की ती हलक्या कामाकडे वळतात, त्यामुळे दोन व्यवसायांच्या आकड्यांची सरळ तुलना फसवी ठरते. लंडनच्या बसगाड्यांचं उदाहरण मला याहून आवडतं. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. निष्कर्ष सरळ वाटतो: बसून काम करणं वाईट. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि १९५६ मध्ये छापलं की ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी आहे, अगदी तरुण वयोगटातसुद्धा. म्हणजे फरकाचा काही भाग माणसं नोकरीला लागतानाच घेऊन आली असण्याची शक्यता होती. काम आणि तब्येत यांचा संबंध त्यामुळे खोटा ठरला नाही. पण माणूस त्या कामावर आला तेव्हा कसा होता हे माहीत असल्याशिवाय कामाने त्याचं काय केलं हे सांगता येत नाही, आणि हे त्यांनी शिंप्याच्या मापांवरून शोधलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

म्हणून पहिलं काम: प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी करा. एक कायमचा क्रमांक, एक पहिली तपासणी, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी त्या पहिल्या तपासणीपासूनचा फरक. तुमच्याकडे चार वर्षांचे कागद आहेत, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे, फक्त ते विभागवार गठ्ठ्यांतून काढून माणसागणिक लावायचं आहे.

इथे एक गोष्ट जवळून पाहा, कारण चांगल्या हेतूने केलेल्या तपासण्या इथेच वाया जातात. कानाची तपासणी घ्या. आवाजामुळे होणारं नुकसान आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं. बोलणं ऐकायला अजून अडचण नसते, पण आलेखात तिथे खड्डा पडलेला असतो. आता तपासणीची गाडी कंपनीच्या आवारात येते आणि सोयीचं म्हणून पाळी संपत आलेल्या लोकांना रांगेत उभं करतात. सहा-सात तास प्रेसच्या आवाजात काढलेल्या माणसाचे कान त्या वेळी तात्पुरते बधिर असतात. त्याचा आलेख वाईट येतो. पुढच्या वर्षी तोच माणूस सुट्टीनंतर सकाळी तपासला जातो आणि आलेख सुधारलेला दिसतो. दोन्ही आलेख त्याच्या कानांचा खरा हिशेब देत नाहीत. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत पहिल्या तपासणीआधी १४ तास कामाच्या आवाजापासून दूर राहण्याची अट आहे ती याचसाठी, आणि २०००, ३००० व ४००० हर्ट्झ मिळून सरासरी १० डेसिबल घसरण झाली तर ती दखलपात्र धरतात. पहिली तपासणी नीट नसेल तर त्या १० डेसिबलला काहीच अर्थ राहत नाही.

फुप्फुसांचंही तसंच. जोरात फुंकर मारताना पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, ती तिशीनंतर निरोगी माणसातही दरवर्षी साधारण ३० मिलिलिटरने कमी होत जाते. पण त्याच माणसाच्या दोन दिवसांच्या दोन तपासण्यांत १०० ते १५० मिलिलिटरचा फरक सहज पडतो. म्हणजे एका वर्षाचा फरक तपासणीच्या चढउतारात बुडून जातो. चार-पाच वर्षांचे बिंदू एका रेषेत मांडले तर घसरणीचा वेग दिसायला लागतो, तोही यंत्र नेमाने तपासलेलं असेल आणि माणसाला फुंकर कशी मारायची हे दर वेळी नीट समजावलं असेल तरच. दरवर्षी स्वस्त निविदेनुसार तपासणी संस्था बदलण्याची पद्धत असेल तर ती थांबवा. ज्या वर्षी संस्था बदलली त्या वर्षी आख्ख्या कंपनीची फुप्फुसं सुधारल्याचे अहवाल मी पाहिले आहेत. रक्तदाबाचं एका वाक्यात सांगते: पाच मिनिटं बसवून, योग्य मापाचा पट्टा लावून, दोनदा घ्या, जिना चढून आलेल्या माणसाचा एकदाच घेतलेला रक्तदाब फाइलमध्ये नसलेला बरा.

आता कामाची बाजू. हुद्दा म्हणजे काम नव्हे. मशीनशॉपमध्ये ऑपरेटर या एकाच हुद्द्याचे दोघे असतात. एक प्रेसच्या शेजारी आठ तास उभा, दुसरा बंद केबिनमध्ये पॅनेलसमोर. दोघांना एकाच रकान्यात घातलं की परिणाम निम्मा पुसला जातो. मी सांगेन की कामाची बाजू आधी हजेरीपटातून काढा. महिन्याला किती रात्री, पाठोपाठ किती रात्री, दोन पाळ्यांमध्ये किती तासांची विश्रांती, किती ओव्हरटाइम. हे सगळं पगारासाठी आधीच नोंदलेलं असतं, आणि कोणाच्या आठवणीवर अवलंबून नसतं. जड कामाच्या जागी किती वजन, तासाला किती वेळा, कुठल्या उंचीवरून उचललं जातं हे एक दिवस शेजारी उभं राहून लिहून काढा. आवाजासाठी अंगावर लावायचं मापक पूर्ण पाळीभर लावा. आणि सगळ्यात मोलाची नोंद: कोण कुठल्या तारखेला कुठल्या विभागातून कुठे गेला. बहुतेक ठिकाणी विभाग बदलला की जुना विभाग पुसून नवा लिहितात. तो जुना विभाग गेला की तुमचं अर्धं उत्तर गेलं.

काय मोजायचं हे तुमच्या कालावधीवर अवलंबून आहे. कामाचे परिणाम वेगवेगळ्या वेगाने येतात. झोप आणि थकवा दिवसांत, आठवड्यांत बदलतो. खांदे-कंबर महिन्यांत. आवाजाचं नुकसान वर्षांत, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या दहा वर्षांत. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग बहुतेकदा २० ते ४० वर्षांनी. चार वर्षांच्या नोंदींमधून हृदयविकाराचं उत्तर काढायला जाऊ नका. ६०० माणसांत असे प्रसंग इतके थोडे असतात की एक-दोन इकडेतिकडे झाले तरी टक्केवारी दुप्पट होते. मोठ्या अभ्यासांचा उपयोग वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. याचा अर्थ तुम्ही पक्षाघात मोजत बसायचं नाही. ५५ तास ओलांडणारे किती जण आहेत, कोण आहेत आणि ती संख्या दर तिमाहीला कमी होतेय का, हे मोजायचं. धोका सिद्ध झालेला असताना त्याचा पुरावा आपल्याच माणसांच्या अंगावर उमटण्याची वाट पाहणं मला मान्य नाही.

आता प्रश्नावल्या. स्नायू-सांध्यांसाठी १९८७ ची नॉर्डिक प्रश्नावली आजही पुरेशी आहे. शरीराच्या नऊ भागांबद्दल गेल्या १२ महिन्यांचं आणि गेल्या सात दिवसांचं विचारते. मानसिक ताणासाठी रॉबर्ट कॅरासेक यांच्या १९७९ च्या मांडणीवर आधारलेली, म्हणजे कामाचा रेटा किती आणि स्वतःच्या कामावर ताबा किती हे विचारणारी, किंवा योहानेस सीग्रिस्ट यांच्या कष्ट आणि मोबदला यांच्या मेळावर आधारलेली. डेन्मार्कची कोपनहेगन प्रश्नावलीही चांगली आहे, लहान आवृत्तीत मिळते. यातली कुठली घ्यायची हे तुमच्या कामाच्या स्वरूपावर ठरवा. एकदा घेतली की शब्द, क्रम, उत्तरांचे पर्याय आणि महिना बदलू नका. दोन वर्षांनी कोणीतरी प्रश्न सोपे करू म्हणेल. प्रश्न बदलायचाच असेल तर त्या एका वर्षी जुना आणि नवा दोन्ही विचारा.

पण प्रश्नावलीची एक मर्यादा आहे. एकच माणूस एकाच बैठकीत कामाचा ताणही लिहितो आणि स्वतःची तब्येतही. त्या आठवड्यात मन खचलेलं असेल तर दोन्ही उत्तरं काळवंडतात, आणि आपल्याला वाटतं की कामाने तब्येत बिघडवली. उलटही होतं: आधीपासून कंबर दुखणाऱ्याला तेच काम जड वाटतं. यावर दोन उपाय मी वापरते. एक, यावर्षीचं काम आणि पुढच्या वर्षीचा तब्येतीतला बदल यांची जोडी लावायची, एकाच वर्षाची नाही. दुसरा, कामाचं वर्णन दुसऱ्या मार्गानेही घ्यायचं. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा दुसरा व्हाइटहॉल अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला, १०,३०० हून अधिक लोक त्यात होते. कामावर ताबा किती हे तिथे कर्मचाऱ्यांना विचारलंच, शिवाय कर्मचारी विभागाच्या अधिकाऱ्यांकडूनही त्या जागांचं मूल्यमापन करून घेतलं. दोन्ही मार्गांनी ताबा कमी असणाऱ्यांत हृदयविकार जास्त निघाला. दोन वेगळ्या साक्षी एकच सांगतात तेव्हा त्यावर भार टाकता येतो.

आजारपणाच्या रजा हा चांगला आकडा आहे, पण तो तब्येतीइतकाच रजेच्या नियमांवर हलतो. हजेरीचा बोनस सुरू झाला की रजा घटतात आणि लोक ताप अंगावर काढून कामाला येतात. म्हणून एक-दोन दिवसांच्या रजा आणि आठवड्यापेक्षा लांबलेल्या रजा वेगळ्या मोजा. लांबलेल्या रजा आजाराच्या जास्त जवळ असतात. नियम कधी बदलला ती तारीख आलेखावर लिहून ठेवा.

सोडून गेलेल्यांबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचं आहे. पॅकिंगमधली एखादी बाई खांदा दुखतो म्हणून स्टोअर्समध्ये हलकं काम मागते. तिची बदली झाली की पॅकिंगमधला एक दुखरा खांदा कमी होतो आणि स्टोअर्समध्ये एक वाढतो. पुढच्या बैठकीत स्टोअर्सच्या सुपरवायझरला विचारणा होते की तुमच्याकडे तक्रारी का वाढल्या. तिचा खांदा पॅकिंगच्या खात्यात राहिला पाहिजे, कारण तो तिथे दुखायला लागला. सुरुवातीच्या दिवशी जो ज्या विभागात होता तो शेवटपर्यंत त्या विभागाच्या हिशेबात धरा, मग तो कुठेही जावो. नोकरी सोडणाऱ्यांशी जाताना पाच मिनिटं बोला: तब्येतीचं काही कारण होतं का, कुठला त्रास, कधीपासून. आणि एक सोपी तपासणी आजच करता येईल. जे गेले त्यांच्या शेवटच्या सर्व्हेतले गुण आणि जे राहिले त्यांचे त्याच वर्षीचे गुण शेजारी ठेवा. गेलेल्यांचे गुण वाईट असतील तर तुमची स्थिर सरासरी स्थिर नाही, ती माणसं गाळून स्थिर राहिली आहे.

टेबलांच्या उंचीचा फरक पडला का, हे सांगायला एक तुलना लागेल. समजा पॅकिंगमध्ये खांदेदुखी ४० टक्क्यांवरून ३० वर आली. त्याच काळात जिथे काहीच बदललं नाही अशा दुसऱ्या लाइनवर ती ३८ वरून ३१ वर आली असेल, तर टेबलांच्या वाट्याला १० टक्के येत नाहीत, तीन येतात. सात टक्के दुसऱ्याच कशाने तरी झाले: ऑर्डरी कमी असतील, ऋतू वेगळा असेल. आणखी एक सावधगिरी. सगळ्यात जास्त तक्रारी असलेला विभाग निवडून तिथे बदल केला असेल, तर काहीही न करता तिथला आकडा पुढच्या वर्षी थोडा उतरतोच, कारण अगदी टोकाच्या वर्षात योगायोगाचाही हात असतो. यापुढे बदल करताना एकदम सगळीकडे करू नका. चार लाइन असतील तर चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि तीन-तीन महिन्यांच्या अंतराने करा. शेवटी सगळ्यांनाच नवी टेबलं मिळतात, आणि मधल्या काळात थांबलेल्या लाइन तुलनेसाठी मिळतात.

तुम्ही एचआरमध्ये आहात, म्हणून हेही स्पष्ट लिहिते. नावानिशी आरोग्याची माहिती तुमच्याकडे असू नये. ती कंपनीच्या डॉक्टरांकडे किंवा बाहेरच्या संस्थेकडे राहावी, तुम्ही हजेरी आणि बदल्यांची यादी त्यांना द्यावी, त्यांनी जोडणी करून तुम्हाला फक्त गटाचे आकडे द्यावेत, आणि दहापेक्षा लहान गटाचा आकडा कोणालाच दाखवू नये. याला नैतिक कारण आहेच, पण मोजमापाचंही आहे. कानाच्या तपासणीनंतर एखाद्याला कमी भत्त्याच्या जागी हलवलं गेलं ही बातमी एका जेवणाच्या सुट्टीत सगळीकडे पोहोचते, आणि पुढच्या वर्षी कोणालाच कानात आवाज येत नाही, कोणाचीच कंबर दुखत नाही. कामगार प्रतिनिधींना सुरुवातीपासून बसवा. तपासणीचा निकाल ज्याचा त्याला लेखी मिळाला पाहिजे. ज्याला आपल्या आकड्यांचा उपयोग दिसतो तोच पुढच्या वर्षी खरं सांगतो. तुमच्याकडे यातलं किती शक्य आहे हे कायदा, डॉक्टर पूर्णवेळ आहेत की भेटीपुरते, आणि लोकांचा आजवरचा अनुभव यावर अवलंबून आहे. ते मला इथून कळणार नाही.

आता लगेच काय करायचं. नवीन सर्व्हे सध्या थांबवा. चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या तपासणीच्या दिवशी हजेरीपटावर असलेल्या प्रत्येकाची यादी डॉक्टरांकडून लावून घ्या: तेव्हाचा विभाग, तेव्हाची पाळी, प्रत्येक बदलाची तारीख, आज कुठे, नोकरी सोडली असेल तर कधी. त्यापुढे दर वर्षाच्या रात्रींची संख्या आणि दर वर्षाचे तीनच निकाल ठेवा: झोप, खांदे-कंबर, लांब रजा. पाळी बदलण्याआधीची दोन वर्षं आणि नंतरची दोन वर्षं अशी विभागणी करून प्रत्येकाचा फरक काढा. ज्यांच्या रात्री कमी झाल्या ते एकीकडे, ज्यांच्या तेवढ्याच राहिल्या ते दुसरीकडे. इथवर साध्या एक्सेलमध्ये जमतं. वय, मध्येच गळालेली वर्षं आणि एकाच माणसाची वारंवार मापं यांचा हिशेब मात्र संख्याशास्त्रज्ञाकडून एकदा करून घ्या, त्यावर खर्च करायला कचरू नका. व्यवस्थापन तोवर थांबायला तयार नसेल तर सरासरीचा तक्ता देऊ नका. त्याऐवजी त्या यादीतून निघणारा पहिलाच आकडा द्या: चार वर्षांपूर्वी रात्रपाळीत असलेल्यांपैकी किती जण आज रात्रपाळीत नाहीत, आणि त्यातले किती जण तब्येतीच्या चिठ्ठीवर बाहेर पडले. यादी लावायला अडचण आली, विशेषतः जुने विभाग पुसले गेले असतील, तर पगारपत्रकातल्या रात्रपाळी भत्त्याच्या नोंदी पाहा. कोण कधी रात्री होतं हे तिथून बऱ्यापैकी परत उभं करता येतं.